शिफ्ट ड्यूटी करणाऱ्या विश्वासी बहिणींनी आठवडा कसा लावावा

वेळेचा सदुपयोग हा विषय आपल्या ख्रिस्ती मंडळीत निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: पहाटे चारला उठा, पवित्र शास्त्रातलं वचन वाचा, प्रार्थना करा. सल्ला चांगला आहे. पण नाइट ड्यूटीवर पहाटे चारला आम्ही जाग्याच असतो. सलाइन बघायची असते, टेम्परेचर-बीपी घ्यायचं असतं, एखाद्या आजोबांना कूस बदलून द्यायची असते. मी मिरजेत नर्स आहे. या आठवड्यात मॉर्निंग, पुढच्या आठवड्यात इव्हिनिंग, मग नाइट. माझ्यासारख्याच पाळीनं कारखान्यात जाणाऱ्या आणि एसटीत कंडक्टर असणाऱ्या बहिणीही आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. ठरावीक वेळ पाळता येत नाही म्हणून आपलं आत्मिक जीवन कमी प्रतीचं आहे, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणींना वाटतं. मला ते पटत नाही. प्रार्थना घड्याळाला न बांधता रोज हटकून होणाऱ्या कामाला बांधली, आणि आठवडा आखताना ड्यूटीच्या खालोखाल विश्रांती लिहिली, तर बाकीचं बऱ्यापैकी जागेवर बसतं.

ड्यूटीचा तक्ता लागला की त्याच दिवशी कॅलेंडर घेऊन बसा. भिंतीवरचं कालनिर्णय चालेल, त्यात लिहायला जागा असते. पहिल्यांदा ड्यूटी लिहाल, ती तर लिहावीच लागते. त्यानंतर लगेच झोप लिहा. नाइट संपवून घरी आल्यावरचे सात तास कॅलेंडरवर दिसले पाहिजेत, नाहीतर ते पाहुणे, बँक आणि गॅस सिलिंडर यांत वाटले जातात. झोपेची लाज वाटू देऊ नका. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि ‘आता पुरे, मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवानं त्याला बोध केला नाही. देवदूतानं भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. नाइट करून आलेल्या बाईनं आधी वचन वाचावं की झोपावं, असं मला कुणी विचारलं तर मी १ राजे १९ उघडून दाखवते. आधी चहा-चपाती, मग झोप. उठल्यावर वचन.

मग वीकली ऑफ. तो रविवारी आला तर आनंदच, उपासनेला जा. पण रविवारी ड्यूटी असेल तर मन खाऊ देऊ नका. अठरा वर्षं कमरेत वाकलेल्या बाईला प्रभूनं शब्बाथ दिवशीच, म्हणजे विश्रांतीच्या दिवशीच, सरळ केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी रागावला तेव्हा विचारलं की तुम्ही शब्बाथ दिवशी बैल सोडून पाण्यावर नेत नाही का? आजाऱ्याची सेवा त्या दिवशीही सेवाच आहे. त्या आठवड्यात तुमचा शब्बाथ मंगळवारी येईल. मात्र तो आला पाहिजे. आपल्या घरांत ऑफ म्हणजे साठलेलं धुणं, दळण, जाळ्या काढणं आणि संध्याकाळी पाय सुजणं. रानात इस्राएल लोकांना सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, म्हणजे विश्रांतीचा दिवस आदल्या दिवशी तयार होतो. म्हणून आदल्या दिवशी युनिफॉर्म इस्त्री करून ठेवा, भाजी निवडून ठेवा, दळण मुलाला आणायला सांगा. दहावीतला मुलगा पिठाची पिशवी उचलू शकतो. ऑफच्या दिवशी खिचडी केली तरी घराचं काही बिघडत नाही.

आता प्रार्थना. मी ती हात धुण्याला बांधली आहे. साबण-पाण्यानं नीट हात धुवायला जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद सांगते, हँडरबला, म्हणजे हातावर चोळायच्या सॅनिटायझरला, २० ते ३०. तळव्यावर तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, शेवटी बोटांची टोकं. ड्यूटीत हे किती वेळा होतं याची मोजदाद नाही. एवढ्या वेळात ज्या पेशंटकडे जायचंय त्याच्यासाठी एक वाक्य सहज होतं: ‘प्रभू, पाच नंबरच्या आजींचा श्वास मोकळा कर.’ ‘प्रभू, या पोराच्या आईला धीर दे.’ ‘प्रभू, मला या माणसाशी चिडून बोलू देऊ नकोस.’ तिसरी प्रार्थना सगळ्यात जास्त लागते. हे सगळं मनात. पेशंटजवळ उभं राहून मोठ्यानं प्रार्थना त्यानं स्वतः मागितली तरच करावी, तो आजारी आहे आणि आपल्या हातात आहे याचा मान राखावा.

ज्यांना हात धुण्याचं काम नाही त्यांनी आपलं काम शोधावं. डेपोतून गाडी सुटताना, मशिन सुरू करताना, पोळीसाठी तवा तापेपर्यंत. स्तोत्र २३ सावकाश म्हटलं तरी चहाला उकळी येण्याआधी संपतं. नाइटला स्तोत्र १२१ पाठ असावं. आपला रक्षणकर्ता झोप घेत नाही, डुलकीही घेत नाही, हे वचन जागत्या माणसाला वेगळंच कळतं.

निवांत वचन वाचायला मिळत नाही अशा दिवसांत मला पंडिता रमाबाईंची आठवण धीर देते. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रिया-मुलींचा संसार सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या तोपर्यंत, वर्षानुवर्षं ते काम चाललं होतं. मोठं काम मोकळ्या दिवसाची वाट बघत नाही. रोजच्या रगाड्यातच त्याला एक कोपरा द्यावा लागतो. तुम्हाला इब्री लोकांस पत्र अभ्यासायचं असेल, तर दिवसाला पाच ओव्या पुरेत.

नाही म्हणायला शिकणं मात्र सगळ्यात अवघड, आणि आपल्या मंडळीत तर फारच. नोकरी करणाऱ्या बाईकडे महिला मंडळ, संडे स्कूल, गायनवृंद आणि नाताळचा कार्यक्रम असं सगळं एकदम येतं, कारण ती ‘करते’. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे प्रभू एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शिमोन शोधत आला: सगळे तुला शोधताहेत. प्रभूनं म्हटलं, चला, जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. नर्स म्हणून मी या ओळींवर खूप वेळ थांबते. शोधणारी माणसं खरी होती, त्यांची गरजही खरी होती. तरी कुठं जायचं हे गर्दीनं ठरवलं नाही, प्रार्थनेत ठरलं.

म्हणून वर्षाला मंडळीतली एकच जबाबदारी घ्या आणि ती मनापासून करा. दुसरी आली तर असं म्हणा: ‘ताई, पुढच्या ईस्टरपर्यंत माझ्याकडे संडे स्कूल आहे. तेवढंच नीट करते.’ पुढं कारणं सांगू नका. कारण सांगितलं की समोरचा त्यावर उपाय सांगतो. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्या नहेम्याला शत्रूंनी चार वेळा बोलावणं पाठवलं आणि त्यानं चारही वेळा तेच उत्तर दिलं: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. आपल्याला बोलावणारे शत्रू नसतात, आपलीच माणसं असतात, म्हणून आवाज गोड ठेवा, उत्तर बदलू नका. आणि पाळकसाहेबांनाही सांगा की सासरा इथ्रो यानं मोशेला कामं वाटून द्यायला लावली होती. मंडळीत तरुण मुली आहेत, त्यांना अजून कुणी विचारलेलंच नसतं.

मोबाईलबद्दल थोडक्यात: मंडळीच्या ग्रुपवर आलेली सुप्रभात वचनं म्हणजे वचनवाचन नव्हे. शास्त्र उघडा. झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

आखलेल्या दिवसात एक मोकळी फट ठेवा. ड्यूटी सुटल्यावर अर्धा तास पुरे. याईराच्या मरणाच्या दारातल्या मुलीकडे जात असताना वाटेत बारा वर्षं रक्तस्रावानं त्रासलेली बाई प्रभूला शिवली, आणि तो थांबला, तिचं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या पाळीला ओव्हर देऊन निघताना नवी स्टाफ मुलगी चेंजिंग रूममध्ये रडताना दिसते. बस पकडायची असेल तर आपण ‘उद्या बोलू’ म्हणतो. अर्धा तास हाताशी असेल तर बाकावर बसता येतं.

हे सगळं पेन्सिलीनं लिहा. याकोबाच्या पत्रात सांगितलंय की ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं म्हणून बेत करावेत, आणि ड्यूटी बदलून मागणारी सहकारी तर दर आठवड्याला असतेच. बदल करून द्या, पण त्याच वेळी खोडलेली झोप आणि खोडलेला ऑफ दुसऱ्या कुठल्या चौकोनात जाणार ते तिच्यासमोरच लिहून घ्या.