जावात आधी कोणती क्रिया? कंचेभागुबेव कुठे चालतं, कुठे फसवतं

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत २ + ३ * ४ चं उत्तर १४ येतं, २० नाही. शाळेत पाठ केलेलं कंचेभागुबेव इथे बरंचसं लागू पडतं, पण अक्षराला अक्षर धरून चालाल तर फसाल. त्यात भागाकार गुणाकाराच्या आधी येतो. जावात मात्र *, / आणि % (म्हणजे बाकी) या तिघांचा मान सारखा. + आणि - त्यांच्या खाली, तेही एकमेकांच्या बरोबरीचे. बरोबरीची चिन्हं एकापाठोपाठ आली की डावीकडचं आधी सुटतं. म्हणून १० - ४ + ३ म्हणजे ९. (इथले अंक वाचण्यापुरते देवनागरीत आहेत. प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अंकच टाइप करा, देवनागरी अंक कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम संगणकासाठी भाषांतरित करणारा प्रोग्रॅम, घेत नाही.)

वहीत ७ * ५ / २ कसंही सोडवा, १७.५ च येतात. जावात इंटला (पूर्णांकाला) इंटने भागलं की दशांश चिन्हापुढचा भाग गळून पडतो. ७ * ५ / २ म्हणजे ३५ / २, उत्तर १७. तेच ७ * (५ / २) लिहिलं तर १४.

टक्केवारी काढताना ही चूक हमखास होते. ६०० पैकी ४५० गुण असतील आणि तुम्ही ४५० / ६०० * १०० लिहिलंत, तर उत्तर शून्य! आधी ४५० / ६०० सुटतं, त्याचा शून्य होतो, मग शून्याला कितीनेही गुणा. शेवटी १०० ऐवजी १००.० लिहूनही ०.० च मिळतं, कारण नुकसान आधीच झालेलं असतं. १००.० * ४५० / ६०० लिहा, ७५.० येतील. दशांश संख्या भागाकाराच्या आधी यायला हवी, एवढं पक्कं धरा.

उत्तर चुकलं की पदावली कागदावर उतरवा. डावीकडून येत प्रत्येक *, /, % भोवती कंस घाला, मग + आणि - भोवती. प्रत्येक कंसाचं उत्तर खाली लिहा आणि ते इंट की डबल (दशांश संख्या), तेही नोंदवा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. प्रोग्रॅममध्येही शंका असेल तिथे कंस द्या. त्याने वेग कमी होत नाही.

छापताना "बेरीज: " + २ + ३ लिहिलं तर "बेरीज: २३" दिसतं. डावीकडे स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) असल्यामुळे + बेरीज न करता जोडत जातो. (२ + ३) असा कंस हवाच. पण "गुणाकार: " + २ * ३ ला कंस लागत नाही, कारण * चा मान वरचा.

घातासाठी ^ वापरू नका. जावात ते बिटांवरचं (संख्येच्या ०-१ अशा रूपावरचं) चिन्ह आहे: २ ^ ३ चं उत्तर १ येतं आणि कंपायलर तक्रारही करत नाही. घात हवा असेल तर मॅथ.पॉव (Math.pow) वापरा, ते ८.० देतं.