तुरुंगातून सुटून आलेल्याला मदत करताना या चुका टाळा

हिंडलग्याच्या कारागृहातून माणूस सुटतो तो बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला लागतो. एका बाजूनं गेलं की बेळगाव, दुसऱ्या बाजूनं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. आपल्याला ही सीमा रोजच्या येण्याजाण्यात जाणवतही नाही. सुटून आलेल्याला मात्र ती पहिल्याच महिन्यात आडवी येऊ शकते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चौदा वर्षांत तुरुंगातून आलेली सहा माणसं माझ्याकडे कामाला लागली. चार टिकली, दोन गेली. त्या दोघांच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा माझं जास्त चुकलं, हे आज मला स्वच्छ दिसतं. खाली लिहिलेल्या चुका माझ्या आहेत, आणि काही गल्लीत, गावात डोळ्यांदेखत घडलेल्या.

‘सुटला’ म्हणजे काय, हे न विचारणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कुणी निर्दोष सुटतो, कुणी शिक्षा पुरी करून येतो, कुणी पॅरोलवर चार दिवस येतो, आणि पुष्कळ जण नुसते जामिनावर असतात. घरात सगळ्यांना एकच शब्द: सुटला. पण जामिनावरच्या माणसाचा खटला चालूच असतो, आणि जामिनाला अटी असतात.

माझ्याकडचा एक मुलगा जामिनावर होता. मी त्याला टेम्पोबरोबर जॉब पोचवायला शिनोळीला पाठवलं, दोनदा. कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, अशी अट होती. हुकूम इंग्रजीत होता, सुटकेचा कागद कानडीत, आणि घरात दोन्ही नीट वाचणारं कुणी नव्हतं. मीही मागून पाहिला नाही. समोरच्या पार्टीनं ते कोर्टात सांगितलं. समज देऊन कोर्टानं सोडलं, पण जामीन रद्द होण्याच्या काठावर पोरगा उभा होता, आणि त्याला तिथं मी नेऊन ठेवलं होतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात हुकमाची नक्कल घ्या आणि वकिलाकडून एकेक अट मराठीत समजून घ्या. निपाणीचा माणूस कागलच्या एमआयडीसीत जाणार असेल किंवा बेळगावचा गोव्याला, तर आधी कोर्टात अर्ज करून अट सैल करून घेता येते. काम आधी आणि अर्ज मागून, असं करू नका.

तारखांचंही तसंच. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि एका चुकलेल्या तारखेनं वर्षभराची मेहनत जाते. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर आता डिस्पॅचच्या तारखांशेजारी कोर्टाच्या तारखा लाल पेनानं लिहिलेल्या असतात. त्या दिवशीची रजा मागावी लागत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानं कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथं मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर.

जामीनदाराचा प्रश्न आपल्या भागात फार येतो, कारण मामा चंदगडचा, आते गडहिंग्लजची, जमीनही तिकडेच, महाराष्ट्रात. ‘बाहेरचा जामीनदार चालत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं की लोक परत फिरतात. 1978 साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याच्या खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. जामीन राहणारा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात ते चूक ठरवलं. हा निकाल वकिलाच्या कानावर घाला.

नोकरी आधी, कागद नंतर

खरं तर कागदांच्याही आधी मोबाइल नंबर. आत असताना सिम बंद पडतं, नंबर दुसऱ्याच कुणाला मिळतो, आणि आधारला तोच जुना नंबर जोडलेला असतो. मग ओटीपी येत नाही, बँक उघडत नाही, पीएफ निघत नाही. नवं सिम घ्यायचं, आधार केंद्रात जाऊन ते जोडून घ्यायचं, मग बाकीचं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं. केवायसी दिली की ते चालू होतं, त्याला बँकेनं पैसे घ्यायचे नसतात. रेशन कार्डावरचं नाव घरच्यांनीच कमी केलेलं असतं कधीकधी; ते परत घालायला घरातलं शहाणं माणूस बरोबर पाठवा.

ड्रायव्हर असेल तर लायसन्सची मुदत आधी बघा. संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. ते न बघता त्याच्या हातात गाडीची चावी देऊ नका.

सुटकेचा दाखला प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवा, पाच-सहा झेरॉक्स काढा. मूळ प्रत कुठल्याही ऑफिसात सोडून यायची नाही.

आणि मतदान. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. बाहेर आल्यावर देता येतं, शिक्षा झालेली असली तरी. यादीतून नाव गेलं असेल तर 6 नंबरचा फॉर्म भरायचा. ‘तुझं मत कायमचं गेलं’ असं माणसाच्या तोंडावर सांगणारे मी पाहिलेत, म्हणून हे लिहिलं.

उपकार म्हणून काम देणं

‘तुला दुसरं कोण ठेवून घेणार?’ हे वाक्य मालकाच्या तोंडून निघालं की त्यामागून कमी पगार आणि रोख हजेरी येतेच. त्याचं नाव मस्टरवर घ्या. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याचा हक्क आहे. बोट मशीनमध्ये गेलं तर तुरुंगातून आलेल्याचं वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं असं काही नसतं.

दुसरा सापळा उचल. वकिलाची फी, घरभाडं, बहिणीचं लग्न, सगळं एकदम अंगावर येतं आणि तो पन्नास हजार मागतो. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीत अशी मोठी उचल देऊन माणूस बांधला जातो, हे आपल्याला माहीत आहे. कर्जापायी माणसाला कामाला जखडणं 1976 पासून गुन्हा आहे. मी पहिला महिना आठवड्याला पगार देतो, उचल लहान देतो आणि ती त्याच्या वहीत त्याच्या अक्षरात लिहायला लावतो.

शिफ्टचा विचार करा. आत संध्याकाळी मोजणी होऊन कोठडी बंद होते. वर्षानुवर्षं तसं काढलेल्या माणसाला मी थेट सेकंड शिफ्टला लावलं होतं. अंधार पडला की त्याचे हात थरथरायचे. तो प्रत्येक गोष्टीला विचारायचा, ‘मालक, पाणी पिऊन येऊ?’ पोरं हसायची. मी पोरांना गप्प केलं, पण शिफ्ट बदलायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात तो गेला. गेलेल्या दोघांतला हा पहिला.

हार, फोटो आणि पार्टी

सुटल्याच्या दिवशी मंडळाची पोरं गाड्या घेऊन जातात, हार घालतात, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, रात्री धाब्यावर पार्टी. जुनी संगत त्याच टेबलावर येऊन बसते. आणि तो फोटो ज्यांचं माणूस गेलं किंवा जखमी झालं त्यांच्याही मोबाइलवर पोचतो.

आपल्या भागात तुरुंगाला एक अभिमानाची बाजूही आहे. सीमा सत्याग्रहात आत गेलेल्या आजोबांच्या गोष्टी घराघरांत सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तो हार त्या कारणाचा होता. मारामारीच्या केसमधून आलेल्या पोराला तोच हार घालून आपण त्याचं भलं करत नाही. त्याला त्या दिवशी आईच्या हातचं जेवण आणि लवकर झोप पुरे.

उलट टोकाची चूक घरात होते. लहान मुलांना ‘बाबा गोव्याला कामाला गेलेत’ असं सांगून ठेवलेलं असतं. शाळेत कुणीतरी खरं सांगतंच. त्याआधी आईनं किंवा बाबांनी स्वतः, मुलाला कळेल एवढंच, पण खरं सांगावं.

समोरच्या घराला विसरणं

खेड्यात बहुतेक भांडणं बांधावरून, वाटणीवरून, म्हणजे भावकीतली. ज्याच्यावर वार झाला तो चार घरं पलीकडे राहतो. आपण सुटून आलेल्याच्या मागे धावतो आणि त्या घराला कुणी विचारत नाही. मग लक्ष्मी यात्रेत दोघं समोरासमोर येतात.

समेटाची घाई करू नका. खटला चालू असेल तर साक्षीदारांशी बोलणंच अटींचा भंग ठरू शकतं, आणि पंचांनी ‘मिटवून टाका’ म्हणून दबाव आणणं त्या घरावर दुसरा अन्याय आहे. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं त्या घरी जाऊन नुसतं विचारावं: तो कुठल्या वाटेनं गेला तर तुम्हाला चालेल? नुकसानभरपाईसाठी त्यांनाही जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे त्यांना सांगणारं कुणी नसतं, तुम्ही सांगा.

औषधं मधेच तुटणं

आत टीबीचा कोर्स चालू असेल तर सुटताना औषधाचा कागद मागून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी गावच्या आरोग्य केंद्रात नाव घाला. साध्या टीबीलाही सहा महिने गोळ्या लागतात, मधे सोडल्या तर आजार हट्टी होतो. झोप न येणं, घाम फुटणं, कुणाशी न बोलणं, याला ‘आत राहून आलाय, असंच असणार’ म्हणून सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

बाई सुटून आली तर यातलं सगळं दुप्पट. सासर घेत नाही, माहेर लाजतं. तिला आधी राहायला जागा बघा, बाकी नंतर. आधारवर कर्नाटकातला पत्ता असेल तर शक्ती योजनेत सरकारी साध्या बसनं ती फुकट तारखेला जाऊ शकते, म्हणून तिचं आधार तिच्याच हातात असू द्या.

चोरी झाली की पहिलं त्याच्याकडे बघणं

हे मला सगळ्यात जड जातं लिहायला. एका सोमवारी कार्बाइड इन्सर्टचा, म्हणजे लेथवर धातू कापायच्या पात्यांचा डबा सापडेना, चांगला महाग. मी सगळ्यांसमोर एकाच माणसाची पिशवी उघडायला सांगितली. त्यानं उघडली. त्यात जेवणाचा डबा, भाकरी आणि एक टॉवेल होता. दुपारी इन्सर्ट दुसऱ्या लेथच्या ड्रॉवरमध्ये सापडले.

तो काही बोलला नाही. संध्याकाळी लॉकरची चावी टेबलावर ठेवून गेला, दुसऱ्या दिवशी आला नाही. मी खानापूरकडच्या त्याच्या गावी जाऊन आलो. त्याच्या आईनं चहा दिला, मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘मालक, तुमचं चुकलं नाही म्हणत नाही मी. पण आता परत नको.’

आता आमच्याकडे काही हरवलं तर एक तर सगळ्यांच्या पिशव्या बघतात, माझीसुद्धा, नाहीतर कुणाचीच नाही.