चेटकिणीचं नाक बाकदारच का? बालकादंबरीचा खर्डा तपासताना

मुलांच्या अद्भुत गोष्टीत दुष्ट कोण हे ओळखायला पहिलं पानही पुरतं: काळाकुट्ट, तिरळा, पाठीला कुबड. राजकन्या मात्र गोरीपान. सावळ्या विठ्ठलाचं रूप गाणाऱ्या भाषेत हे इतकं बिनदिक्कत चालतं, याचं नवल वाटतं.

हे तपासायला पहिला खर्डा पुरा झाल्यावर एक दुपार काढा. लिहितालिहिता तपासू नका, हात अडतो. कागदावर चार रकाने आखा: पात्र, त्याच्या शरीराविषयीचे शब्द, त्याची पहिली कृती, शेवटी त्याचं काय होतं. पहारेकरी, दासी, सावत्र बहिणी यांनाही जागा द्या; घाईत रंगवलेल्या या पात्रांतच घोळ जास्त सापडतो. दुसरा रकाना भरलाय आणि तिसरा कोरा, अशी ओळ दिसली की खूण करा. तिथे रूपावरूनच निकाल लागलेला असतो.

संगणकावर नुसतं ‘काळ’ शोधलंत तर सकाळ, काळजी, काळोख असं सगळं गोळा होईल. ‘काळाकुट्ट’, ‘काळ्याकुट्ट’ असे पूर्ण शब्द टाका, सामान्यरूपांसकट: तिरळा, तिरळी, तिरळ्या. मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. नाहीतर शोधात काहीच येणार नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल.

आता अदलाबदल. राजपुत्राचं वर्णन कपटी प्रधानाला लावून प्रकरण वाचा. गोष्ट न अडखळता चालली, तर ते वर्णन नुसतं शोभेचं होतं. अडली, तर कुठे ते पाहा. ग्रिम बंधूंच्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत चेटकिणीला कमी दिसतं, म्हणूनच हान्सेल बोटाऐवजी हाड पुढे करून तिला फसवू शकतो. हे काढलं तर प्रसंगच उरत नाही. तिचे लाल डोळे मात्र तिथे काहीच काम करत नाहीत.

बिनकामाच्या वर्णनाच्या जागी कृती आणा.

आधी: ‘काळाकुट्ट, फेंगड्या पायांचा पहारेकरी दात विचकत आला.’

नंतर: ‘पहारेकऱ्याने कैद्याच्या ताटातली भाकरी उचलली, अर्धी खाल्ली आणि उरलेली चिखलात टाकून वर पाय दिला.’

भीती कमी झाली नाही, उलट वाढली. मुलांना ती हवीच असते.

सगळ्यात आळशी दुरुस्ती म्हणजे शब्दाला शब्द. इंग्रजी बाललेखक रोआल्ड डालच्या पुस्तकांच्या 2023 मध्ये गाजलेल्या सुधारित आवृत्तीत ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधल्या ऑगस्टस ग्लूपच्या वर्णनातला ‘लठ्ठ’ जाऊन ‘अवाढव्य’ आला, पण खादाडपणापायी चॉकलेटच्या नदीत पडणारा मुलगा तोच राहिला. चौथा रकाना बदलला नाही तर दुसरा बदलून काय उपयोग? सगळे देखणे दुष्ट करून टाकणं हेही तेच गणित, फक्त उलटं. शेवटी कुबड सरळ होणं, शाप सुटून रूप येणं हे तर सरळ बक्षीस म्हणून वाटलेलं रूप. देखणा खलनायक मात्र जरूर लिहा, तो काही नवा नाही: वाल्मीकींच्या सुंदरकांडात रावणाला पाहून हनुमानच त्याच्या रूपाने थक्क होतो.

मजकूर साफ झाला तरी चित्रात सगळं परत येतं. चित्रकाराला ‘चेटकीण’ एवढंच कळवलंत तर बाकदार नाक आणि चामखीळ ठरलेलीच. ती काय करते आहे, हातात काय आहे, कुठे उभी आहे ते लिहून द्या, आणि कच्ची रेखाटनं मागवा. डालच्याच चेटकिणींवरच्या 2020 च्या चित्रपटात त्यांच्या हातांना बोटं कमी दाखवली होती. पुस्तकात होते नखांचे पंजे. अपंग व्यक्तींनी आक्षेप घेतल्यावर वॉर्नर ब्रदर्सला माफी मागावी लागली.

शेवटी संवाद मोठ्याने वाचा. राजपुत्र पुस्तकी प्रमाण मराठीत आणि राक्षसाचे चाकर तेवढे ग्रामीण बोलीत किंवा बोबडे बोलत असतील, तर तुमच्या तक्त्यात पाचवा रकाना हवा.