छातीच्या ऑपरेशनला जाताना बॅगेत शिंप्याची टेप टाका

थर्मास, टॉवेल, रिपोर्टांची फाइल हे सगळं आठवणीनं घेतलं जातं. सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी आणखी एक वस्तू सांगते, शिंप्याची टेप. ऑपरेशन छातीचं आणि मोजायची पोटरी, हे ऐकून घरचे बुचकळ्यात पडतात. पण पोटरीचे स्नायू हलतात तेव्हा खोल शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. माणूस पडून राहिला की ते साचतं, त्यात ऑपरेशननंतर काही दिवस रक्त लवकर गोठतं, कॅन्सर असेल तर जास्तच. तिथली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं.

भरती व्हाल त्या दिवशीच गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पायांवर पेनानं खूण करा, घेर मोजा आणि फाइलच्या कव्हरवर लिहा. मग रोज सकाळी त्याच खुणेवर मोजायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा ३ सेंमीहून जास्त भरला तर लगेच सांगा. फरक कमी असला तरी पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल तरी सांगा. बायपाससाठी शीर काढलेला पाय तसाही सुजतो, म्हणून तर पहिला आकडा हाताशी हवा. आणि दुखऱ्या पोटरीला तेल लावून चोळू नका, आत गुठळी असेल तर ती सुटू शकते. एका आजोबांचा पाय मुलानं रात्री असाच मायेनं चोळला होता. सकाळी डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, गुठळी दिसली. गुठळीसाठी करतात ती रक्ताची तपासणी, डी-डायमर, तिचा आकडा ऑपरेशनमुळेही वाढतो, तेव्हा शंका असेल तर डॉपलरबद्दलच विचारा.

बऱ्याच गुठळ्या मात्र काही लक्षण न देताच होतात, त्यामुळे नुसत्या टेपवर विसंबू नका. पूर्वी स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला गुठळी झाली असेल, हार्मोनच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल, तर आधीच सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर देतात ते इंजेक्शन कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, हे विचारून घ्या. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काहींना ते चार आठवडेही लागतं, म्हणून सुट्टी मिळण्याआधी द्यायला शिका. टोचल्यावर जागा चोळायची नाही. पायाला मशीननं फुगून पोटरी दाबणारे हवेचे पट्टे लावले असतील तर बाथरूमहून आल्यावर पुन्हा बांधून घ्या, हे फार वेळा राहून जातं. गुठळी टाळायला घट्ट मोजे दिले असतील तर त्यांना गुडघ्यापाशी वळी पडू देऊ नका.

छातीत नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायचं, नळीला जोडलेली बाटली छातीच्या खालच्या पातळीला धरून. दुखणं सोसत पडू नका, औषध मागून घ्या, कारण दुखलं की पाय उचलत नाही. पलंगावर असताना गाडीचा एक्सिलरेटर दाबावा तसे पंजे खाली-वर करत राहा.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं किंवा चक्कर आली, तर टेप बाजूला ठेवा आणि बेल दाबा. घरी असाल तर १०८ लावा. गावी जाताना तासा-तासानं गाडी थांबवून चार पावलं चाला, आणि घरी पोचल्यावरही महिनाभर पोटऱ्यांवर लक्ष ठेवा.