हलक्या काडतुसांवर सेमी-ऑटो शॉटगन अडखळते? या चुका टाळा

रेंजवर हा प्रसंग नेहमीचा. पहिला बार व्यवस्थित होतो, दुसऱ्याला चाप ओढला की नुसतंच 'टक'. बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता भाग) रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बंद झालेला आणि पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) पायाशी पडलेली. मग आजूबाजूचे निदान करायला लागतात: काडतूस भिकार आहे, बंदूकच तशी आहे, तेल घाल, स्प्रिंग बदल. अमेरिकेत क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरायला लागलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी या सल्ल्यांवर पैसे घालवलेत. खरं तर हिशेब साधा असतो. सेमी-ऑटोला, म्हणजे बारानंतर पुंगळी फेकून पुढचं काडतूस स्वतःच भरणाऱ्या बंदुकीला, बोल्ट मागे ढकलायला ताकद लागते आणि ती काडतुसातूनच येते. हलक्या काडतुसात ती मुळात बेताची असते. त्यामुळे ती कुठे कमी पडतेय की कुठे गळतेय, एवढंच शोधायचं असतं.

पुंगळी न बघताच निदान

बंदूक काय झालंय ते स्वतः सांगते, पण लोक बघत नाहीत. पुंगळी दोन-तीन मीटरवर जोरात उडते, तरी पुढचं काडतूस वर येत नाही? मग हलक्या काडतुसाला दोष देऊ नका. मॅगझिनची (काडतुसं भरायच्या नळीची) स्प्रिंग, काडतूस अडवणारी खिटी किंवा ते वर उचलणारी पट्टी तपासा. पुंगळी जेमतेम बाहेर पडते, कधी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते, आणि शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे थांबत नाही? मग बोल्टचा प्रवास अपुरा होतोय. आपला विषय हाच. तिसरा प्रकार म्हणजे पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसते आणि हाताने ओढतानाही जोर लावावा लागतो. तिथे चेंबरच्या भिंती खरखरीत किंवा प्लॅस्टिकच्या थराने माखलेल्या असतात. स्वस्त काडतुसांच्या बुडाला पितळेऐवजी पोलाद असतं. फुगल्यावर ते पितळेइतकं आवळून परत येत नाही, म्हणून अशा चेंबरमध्ये तीच काडतुसं जास्त चिकटतात. चेंबरचा ब्रश नळीच्या ब्रशपेक्षा जाड असतो. तो वेगळा घ्या.

फक्त ग्रॅम बघून काडतूस 'हलकं' ठरवणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. खोक्यावर छऱ्यांचं वजन मोठ्या अक्षरात छापतात, वेग बारीक अक्षरात. बोल्टला मिळणारा धक्का ठरतो तो वजन गुणिले वेग या हिशेबाने. गणित करून बघा. १ औंस, सेकंदाला ९८० फूट हे मऊ, नवशिक्यांसाठीचं काडतूस: ९८०. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पद्धतीचं २४ ग्रॅमचं, म्हणजे साधारण ७/८ औंसाचं, १३२५ फुटांचं काडतूस: जवळपास ११६०. कागदावर 'हलकं' असलेलं दुसरंच जास्त जोराचं निघतं. १ १/८ औंस आणि ११४५ फूट, म्हणजे खोक्यावर २ ३/४ ड्रॅम (दारूच्या जोराचं जुनं माप) लिहिलेलं नेहमीचं ट्रॅपचं (तबकड्यांच्या एका खेळाचं) काडतूस, १२८८ वर जातं. ढोबळ हिशेब आहे, वाद (छऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा गट्टू) आणि बंदुकीच्या दारूचं वजन यात धरलेलं नाही, पण तुलनेला पुरतो.

आता हे बंदुकीच्या मॅन्युअलशी जोडा. बेनेली कंपनीच्या सुपर ब्लॅक ईगल बंदुकीसाठी किमान ३ ड्रॅम, १ १/८ औंस असा भार सांगितलेला असतो. वेग सुमारे १२०० फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने १३५०. साडेतीन इंची काडतुसं पचवायला बनवलेल्या बंदुकीने ९८० वाली खाल्ली नाहीत, तर तक्रार कसली करायची? ती बदकांच्या शिकारीची बंदूक आहे.

गॅसची आणि इनर्शियाची बंदूक एकाच मापाने मोजणं

गॅसवर चालणारी बंदूक नळीतल्या छिद्रांमधून जळलेल्या दारूचा थोडा वायू घेऊन पिस्टन ढकलते. इनर्शियाची, म्हणजे जडत्वावर चालणारी बंदूक वेगळी. धक्क्याने सगळी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग जागेवरच राहू पाहतो, आतली आखूड, कडक स्प्रिंग दबते आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. म्हणून इथे बंदुकीला मागे यायला मोकळीक हवी. इनर्शियाच्या बंदुकीवर टॉर्च, जादा काडतुसांचे पट्टे, मॅगझिनची लांब नळी असं वजन चढवत गेलात की हलक्या काडतुसाला ती पुरेशा वेगाने मागे ढकलवत नाही. दस्ता भिंतीला किंवा टेबलाला टेकवून चाचणी घेतली, तर भलं मोठं काडतूसही अडखळू शकतं.

याच बंदुकीची आणखी एक खोड. बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला, तर त्याचं फिरणारं डोकं पूर्ण लॉक होत नाही आणि चाप ओढल्यावर 'टक' होऊन थांबतं. बोल्ट मागून पूर्ण सोडून द्यायचा, आपल्या आपण आपटू द्यायचा.

गॅसच्या बंदुकीत सुटे भाग कोणत्या क्रमाने बसवलेत त्यावर सगळा खेळ असतो. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० घ्या. मॅगझिनच्या नळीवर पिस्टन, त्याची कडी आणि एक रबरी ओ-रिंग असते. साफसफाईनंतर कडी उलटी बसली किंवा ती रबरी रिंग चिरली की वायू गळतो आणि हलकं काडतूस पहिलं मार खातं. रिंग किरकोळ किमतीची आहे, दोन-तीन पेटीत ठेवा. याच बंदुकीची तीन इंची मॅग्नमची, म्हणजे लांब आणि जोरदार काडतुसांची नळी कुणी स्वस्तात विकत असेल, तर घेण्याआधी विचार करा. तिच्यात वायूची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते आणि ट्रॅपच्या काडतुसांना ती पुरत नाही. वेदरबीच्या एसए-०८ सोबत हलक्या आणि जड काडतुसांसाठी दोन वेगळे व्हॉल्व्ह येतात. जड बसलेला असेल, तर दिवसभर डोकं आपटलंत तरी फरक पडणार नाही.

जुनी ब्राउनिंग ऑटो-५ कुणाकडे असेल, तर तिची तऱ्हा तिसरीच. तिची नळीसुद्धा मागे येते. पोलादी घर्षण-कडी हलक्या काडतुसांसाठी स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पेटीच्या) बाजूला ठेवायची. ती पुढच्या टोकाच्या घर्षण-ब्रेकजवळ राहिली, तर जडची मांडणी होते आणि बंदूक हलकं काडतूस फेकत नाही.

तेलाचा अभिषेक

अडखळली की तेल ओतायचं, ही सवय जाता जात नाही. पिस्टनवर आणि मॅगझिनच्या नळीवर तेल ओतलंत, तर वायूच्या उष्णतेने ते जळून कडक काळा थर बनतो. ती जागा पुसून जवळजवळ कोरडी ठेवा. तेल लागतं ते बोल्टच्या घसरपट्टीला आणि तेही थेंबभर.

खरी विसरली जाते ती दस्त्याच्या आतली स्प्रिंग. रेमिंग्टन ११००, बेनेलीची मॉन्टेफेल्ट्रो अशा अनेक बंदुकांत बोल्ट परत पुढे आणणारी स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते. बंदूक उभी ठेवली की रिसीव्हरमधलं तेल हळूहळू तिथे उतरतं, धूळ-दारूच्या काजळीत मिसळून चिकट होतं, आणि बोल्टला मागे जाताना त्या चिखलातून जावं लागतं. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तिथे गंजही धरतो. वर्षानुवर्षं ती कुणी उघडलेलीच नसते. माझं मत विचाराल तर, पूर्वी नीट चालणारी बंदूक हळूहळू हलक्या काडतुसांना नकार देऊ लागली, की पिस्टननंतर पहिल्यांदा हीच नळी उघडायची. मात्र त्याआधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. दस्ता काढायला हात बसलेला नसेल, तर गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या.

थंडीत जाड तेल आणखी दाट होतं, दारूचा दाबही घटतो. ओहायोत जानेवारीत अडखळणारी बंदूक जूनमध्ये ठीक चालू शकते.

'फुस्स' झाल्यावर पुढचा बार

हा भाग मात्र हसण्यावारी नेऊ नका. हलक्या, विशेषतः घरी भरलेल्या काडतुसात कधी दारू कमी पडते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही आणि वाद नळीतच अडकतो. बंदूक 'फिरली नाही', म्हणजे बोल्ट मागे आला नाही, म्हणून हाताने बोल्ट ओढून पुढचा बार केला, तर नळी फुटू शकते. आवाज वेगळा वाटला की थांबा, बंदूक रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवून नळीतून आरपार बघा. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याच्या दिशेने धरून किमान अर्धा मिनिट थांबा, कधी कधी बार उशिरा होतो.

कानस आणि कात्री

वायूची छिद्रं ड्रिलने मोठी करणं, स्प्रिंगचे वेढे कापणं, असले उपाय फार लवकर सुचतात. छिद्र मोठं झालं की परत लहान होत नाही. मग एखाद्या दिवशी जड काडतूस घातलं की बोल्ट रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर घणासारखा आदळतो.

त्याऐवजी साफ केल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरून बघा. आधी जोराची, मग थोडी खालची, मग हलकी. नव्या बंदुकीला सुरुवातीला दोन-चार खोकी जड काडतुसं चालवली की घसरण्याचे भाग एकमेकांत बसतात. एवढं करूनही ९८० वाली पुरेनात, तर वरच्या गणितात ११५० च्या पलीकडे जाणारं काडतूस घ्या. शिकणाऱ्या मुलाच्या खांद्याला हलकंच हवं असेल, तर त्याच्या हाती वर-खाली नळ्यांची दुनळी द्या. तिला बोल्ट मागे ढकलायचाच नसतो. ट्रॅप-स्कीटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छऱ्यांचं वजन २४.५ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि त्या मैदानांवर बहुतेकांच्या हातात दुनळीच दिसते.