नॅकची फाइल पहिल्यांदा हातात येते तेव्हा

एका तालुक्याच्या ठिकाणच्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो, आणि तिसऱ्याच महिन्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितले, "सर, निकष पाच तुमच्याकडे." हा निकष नॅकचा, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचा. पण निकष पाच म्हणजे काय, तो कोणी ठरवला आणि त्याचे उत्तर कोणाला द्यायचे आहे, यांपैकी काहीही मला ठाऊक नव्हते. आज त्याच महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, काम पाहताना नव्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ दिसतो. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

गोंधळाचे पहिले कारण म्हणजे महाविद्यालयाकडे निरनिराळ्या दारांतून येणारी माणसे आपल्याला सारखीच 'कमिटी' वाटतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय आणि निश्चिती हा विषय केंद्राकडे आहे, तर शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून केंद्र व राज्य या दोघांच्या सामायिक सूचीत आहे. त्यामुळे एकाच इमारतीवर दोन सरकारांची नजर असते आणि मध्ये विद्यापीठ उभे असते. महाराष्ट्रात नवे महाविद्यालय काढायचे तर सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या ठिकाणाला जागा असावी लागते, मग शासन इरादापत्र देते, अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मान्यता देते आणि त्यानंतर विद्यापीठ आपली समिती पाठवून संलग्नीकरण देते. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मंजुरी वेगळी. हे सारे दुकान उघडण्याचे परवाने आहेत. दुकानातला माल कसा आहे, हे त्यांतून कळत नाही. ते तपासण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये नॅक स्थापन केली, आणि त्याच वर्षी तंत्रशिक्षणासाठी एनबीए, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, आले. नॅक सबंध संस्थेकडे पाहते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाकडे. म्हणून एकाच महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकीला एनबीए असते आणि शेजारच्या शाखेला नसते. परवाना आणि मूल्यांकन यांतला हा फरक नव्या माणसाने पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावा, कारण प्रवेशाच्या जाहिरातींत 'शासनमान्य' हा शब्द गुणवत्तेची पावती असल्यासारखा सर्रास छापला जातो.

श्रेणी देण्याच्या पद्धतीत नॅकचे सात निकष होते. २०१७ मध्ये आलेल्या रूपात महाविद्यालय स्वयंमूल्यमापन अहवाल ऑनलाइन भरत असे, त्यातील सुमारे ७० टक्के भाग आकड्यांचा असे, आणि एकूण सरासरी ४ पैकी काढली जाई, ३.५१ किंवा त्याहून अधिक असली तर ए++, १.५० किंवा त्याखाली राहिली तर अधिस्वीकृती, म्हणजे दर्जाची मान्यता, नाही. गुणांचे वाटप मात्र सर्वांना सारखे नव्हते. विद्यापीठासाठी अभ्यासक्रमाच्या निकषाला १५० गुण असत आणि संलग्न महाविद्यालयासाठी १००, कारण अभ्यासक्रम आपण ठरवतच नाही. उलट अध्यापन व मूल्यमापनाला संलग्न महाविद्यालयात १००० पैकी ३५० गुण होते. मला ही रचना न्याय्य वाटते. जे आपल्या हातात आहे, त्याचाच हिशेब मागितला जाई.

अडचण येते ती पुराव्यांची. माझ्या निकषात शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, तक्रार निवारण, नोकरीला लागलेले आणि पुढील शिक्षणाला गेलेले विद्यार्थी अशा गोष्टी येत. पहिल्या फेरीत मी नोकरी लागलेल्या मुलांची नावे, कंपन्या आणि पगार असा नेटका तक्ता केला होता. डीव्हीव्हीमध्ये, म्हणजे माहितीच्या पडताळणीत, प्रश्न आला: नेमणूकपत्रे जोडा. पत्रे कोणाकडे होती? मुले चाकणला, भोसरीला, कोणी सुरतेला. निम्म्यांचे फोन नंबर बदललेले, एकाचे पत्र त्याच्या जुन्या मोबाइलबरोबर गेलेले. उत्तरासाठी मिळालेल्या मोजक्या दिवसांत आम्ही घरोघर माणसे पाठवली, आणि तरीही ज्यांची पत्रे मिळाली नाहीत ती मुले नॅकच्या लेखी बेकारच राहिली. तेव्हापासून आमच्याकडे गुणपत्रक न्यायला आलेल्या विद्यार्थ्याला खिडकीवरच विचारले जाते, आणि पत्राची प्रत त्याच दिवशी स्कॅन होते. शिबिराचा अहवाल, तारीख व स्थळ उमटलेले छायाचित्र आणि उपस्थितीपत्रक यांचेही तसेच. कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी हे काम पंधरा मिनिटांचे असते. पाच वर्षांनी करायला घेतले की कशाचाच पत्ता लागत नाही, आणि मग माणसाला खोटे पुरावे तयार करण्याचा मोह होतो.

त्या मोहाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दुसऱ्या एका महाविद्यालयातील पिअर टीमच्या, म्हणजे नॅकने पाठवलेल्या तज्ज्ञ समितीच्या, भेटीच्या वेळी मी मदतीला गेलो होतो. रांगोळ्या, फलक, स्वागतगीत सारे झाले. समितीतील एक वयस्कर बाई सजवलेल्या दालनात न थांबता ग्रंथालयात गेल्या आणि त्यांनी देवघेव नोंदवही मागितली. दोन पाने उलटून त्यांनी वही ग्रंथपालांपुढे सरकवली. महिनाभराच्या साऱ्या सह्या एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाच्या होत्या. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त शेजारची लोखंडी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मागच्या वर्षीची वही मागितली. तपासणारे नेहमी असेच असतात असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने एका पाहणी समितीच्या सदस्यांनाच लाचेच्या प्रकरणात अटक केली. नियमही बदलत राहतात: जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेण्यांऐवजी 'अधिस्वीकृत' आणि 'अधिस्वीकृत नाही' अशी द्विस्तरीय पद्धत जाहीर केली. म्हणून मागील फेरीची फाइल समोर ठेवून कामाला लागू नये, आधी चालू मार्गदर्शिका वाचावी.

माझा मामेभाऊ शासकीय आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. आमच्या गप्पांत दोन्ही व्यवस्थांचा स्वभाव उघडा पडतो. त्याच्याकडे तपासणीला येणारा माणूस मिशन आणि व्हिजन विचारत नाही. वीस जणांच्या तुकडीमागे किती बाकशेगडे (बेंच व्हाइस) आहेत, जागा किती चौरस मीटर, वीजभार किती किलोवॅट, यादीतली हत्यारे जागेवर आहेत का, आणि निदेशकाकडे शिल्प निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे का, एवढेच विचारतो. व्यवसाय प्रशिक्षणासाठी १९५६ मध्ये एनसीव्हीटी ही राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. २०१८ च्या अधिसूचनेने एनसीव्हीईटी ही नियामक परिषद आली, आणि तिने प्रमाणपत्र देणारी संस्था व परीक्षा घेणारी यंत्रणा यांना वेगवेगळी मान्यता देण्याची पद्धत आणली. मला हे तत्त्व आवडते. शिकवणाऱ्याने स्वतःच शेरा देऊ नये. भावाचे म्हणणे मात्र असे की शेगडा मोजता येतो, पण मुलाच्या हाताला कानस बसली की नाही, हे यादीत कुठेच येत नाही. ते त्याला मुलाने घासलेल्या लोखंडी ठोकळ्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवून आणि तो उजेडाकडे धरून पाहावे लागते.

नव्याने रुजू झालेल्यांना मी एवढेच काम पहिल्या दिवशी देतो: विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते तपासा. नॅक विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण थेट त्यांच्या ईमेलवर पाठवते, आणि आमच्या यादीत एका वर्षी मोठ्या संख्येने पत्ते सायबर कॅफेवाल्याचे निघाले होते, कारण प्रवेश अर्ज त्यानेच भरले होते.