स्विच निवडताना आधी घरच्यांचा विचार करा

मी रात्री अकरानंतर टाइप करायला बसतो, आणि पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. त्यामुळे हौसेने घेतलेला निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच, रंगावरून त्याचा प्रकार) आठवड्याभरात कपाटात गेला. त्याची टिकटिक दारातूनही ऐकू येते.

चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतला लाल स्विच सरळ खाली जातो. साधारण ४५ ग्रॅम दाबाला, २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. तपकिरीत मध्येच बारीक उंचवटा लागतो. (मला तर तो उंचवटा लालमध्येच वाळूचा कण अडकल्यासारखा वाटतो.)

बोर्ड हॉट-स्वॅपच घ्या, सोल्डरिंगशिवाय स्विच बदलता येतात. बसवण्याआधी प्रत्येक स्विचच्या दोन्ही धातूच्या पिना सरळ आहेत ना, बघा. माझी एक दुमडली आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत एकाच कीवर असलेले ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्ही गायब! अर्धा तास सेटिंग्ज धुंडाळल्यावर स्विच उपटून पाहिला. चिमट्याने पिन सरळ केली, झालं.

स्पेसबार खडखडतो म्हणून स्विच बदलू नका. तो आवाज बहुतेकदा स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब की समतोल ठेवणाऱ्या तारेच्या आधाराचा असतो. तारेच्या टोकांना ब्रशने थोडंसं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. जास्त लावलंत तर की चिकट, आळशी होते.

आता लाल स्विचवर लिहितो. आईची तक्रार नाही.